चिहारू शिओता: कॅनव्हासवरून उतरलेली रेघ

रेघोटी (धागाकर्ती)

लोकरीच्या धाग्यावरच चर्चेचा धागा काढतेय, तेव्हा कोट्या पहिल्या दोन प्रतिसादांतच उरकून घ्या.

चिहारू शिओता या जपानी कलाकाराचं काम इंटरनेटवर बघितलं नसेल असा माणूस आता विरळाच. खोलीभर लाल लोकरीचं जाळं आणि त्यात अडकलेल्या होड्या, किल्ल्या, सूटकेसा. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. मला तिच्या वाटचालीबद्दल बोलायचंय, कारण ती धाग्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते रंगापासून.

जन्म १९७२चा, ओसाका प्रांतातल्या किशिवादाचा. आईवडिलांचा मासळीच्या लाकडी खोक्यांचा कारखाना होता. १९९२ ते ९६ क्योतो सेइका विद्यापीठात तिने पेंटिंग शिकलं. मधल्या काळात, १९९३-९४मध्ये, ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या कलाशाळेत होती. तिथे चित्र काढणं अडलं. आपण जे काढतोय ते आधी कुणीतरी काढलेलंच आहे, असं वाटायला लागलं. मग आपण स्वतःच चित्राच्या आत आहोत असं स्वप्न पडलं आणि त्यातून १९९४चं 'बिकमिंग पेंटिंग' आलं: अंगाभोवती कॅनव्हास आणि वरून लाल इनॅमल पेंट. त्याच वर्षीच्या 'फ्रॉम डीएनए टू डीएनए'मध्ये लाल लोकर पहिल्यांदा येते. म्हणजे कुंचला सुटला आणि धागा हातात आला, हे एकाच वर्षात.

पुढची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. ती धाग्याला विणकाम म्हणत नाही, हवेत काढलेली रेघ म्हणते. कॅनव्हासला दोनच मिती असतात, खोलीला तीन. रेघ दाट होत गेली की डोळा एकेका धाग्याचा माग काढू शकत नाही, आणि तिच्या मते काम तिथे पुरं होतं. ही कसोटी चित्रकाराची आहे, विणकराची नाही.

आता मुद्दे मांडा. तिच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे, आणि दुसरं म्हणजे हे सगळं उभं राहतं कसं?

अडाणी प्रेक्षक

वाचतोय. दोन प्रश्न. लाल धागा म्हणजे ती जपानी समजूत ना, नियतीने दोन माणसांच्या करंगळ्यांना बांधलेला? आणि ही मरिना अब्रामोविच या परफॉर्मन्स कलाकाराची (स्वतःचं शरीरच माध्यम म्हणून वापरणारी) शिष्या, म्हणजे मूळ प्रभाव तिचाच ना?

किरमिजी

अडाणी, दोन्हीला अर्धं हो.

आधी दुसरा प्रश्न. पहिला धक्का अब्रामोविचचा नाही, माग्दालेना अबाकानोविचचा. ही पोलिश शिल्पकार (१९३० ते २०१७). बंदरांतले जुने सिसलचे (घायपातीसारख्या झाडाच्या तंतूंचे) दोर गोळा करायची, उसवायची, रंगवायची आणि त्यातून छतापासून लोंबणारे प्रचंड आकार विणायची. त्यांना 'अबाकान' असंच नाव पडलं. १९६५च्या साओ पाउलो द्वैवार्षिकात (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) तिला मोठा पुरस्कार मिळाला आणि 'टेपेस्ट्री, म्हणजे विणलेलं चित्र, भिंतीवरच लावायची असते' हा समज मोडीत निघाला. शिओताने विद्यार्थी होण्याच्या सुमारास तिचं प्रदर्शन जपानमध्ये पाहिलं होतं. युरोपात शिकायला जायचं ते तिच्याकडेच, असं ठरवूनही टाकलं होतं.

मग झाला नावांचा घोळ. अबाकानोविच, अब्रामोविच. पत्रव्यवहार भलतीकडेच झाला. हा किस्सा शिओता स्वतः सांगते, त्यामुळे ऐकीव समजू नका. १९९६मध्ये हँबुर्ग, मग ब्राउनश्वाइगला अब्रामोविचकडे, आणि शेवटी बर्लिनच्या कला विद्यापीठात जर्मन शिल्पकार रेबेका हॉर्नकडे, २००३पर्यंत.

अब्रामोविचकडून तिने साधन घेतलं नाही, शिस्त घेतली. फ्रान्समधल्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांना काही दिवस कडकडीत उपास घडवला आणि शेवटी पहाटे उठवून एकच शब्द लिहायला सांगितला. हिने लिहिलं 'जपान'. त्यातून 'ट्राय अँड गो होम' आलं: उघड्या अंगाने मातीच्या उतारावरच्या खळग्यात शिरायचं, घसरून खाली यायचं, पुन्हा चढायचं. १९९९च्या 'बाथरूम'मध्ये टबात बसून ती अंगावर चिखल ओतत राहते. २००१च्या पहिल्या योकोहामा त्रैवार्षिकात शरीर गेलं आणि उरले ते नुसते अवाढव्य, चिखलाने माखलेले झगे. वरून पाणी वाहतंय, तरी माती पुरती निघत नाही. 'मेमरी ऑफ स्किन' नाव उगाच नाही. इथून पुढे तिच्या कामाचं सूत्र पक्कं होतं: माणूस दिसणार नाही, त्याने वापरलेली वस्तू दिसेल.

क्योतोतल्या साबुरो मुराओकांना मात्र सगळे विसरतात. शिल्पकार, लोखंड, मीठ, गंधक आणि उष्णता ही त्यांची सामग्री. पेंटिंगची विद्यार्थिनी असताना शिओता त्यांच्या शिल्पविभागात मदतनीस होती. वस्तूला नुसतं रूप नसतं, वजन, गंज आणि तापमानही असतं, ही जाण तिथून आली असावी असं तिची जळकी, गंजकी, वापरून झिजलेली सामग्री बघून वाटतं.

लाल रंगाचं म्हणाल तर नियतीचा धागा आहेच, पण रक्तही आहे, आणि रक्तातून कुटुंब, देश, आजार. काळा म्हणजे रात्रीचं आकाश, शिवाय शाईची रेघ. पांढरा म्हणजे कोरेपण, आणि जपानमध्ये मृत्यूही. (पांढऱ्याचा हा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.) रंगाचा कोश लावून काम वाचू नका, एवढंच. आत अडकलेली वस्तू आधी बघा.

रंगपेटी

@रेघोटी, 'बिकमिंग पेंटिंग'बद्दल धोक्याची सूचना. दर वर्षी कुणीतरी कॉलेजात असलं काहीतरी करायला जातंच.

इनॅमल म्हणजे अल्किड रेझिन आणि मिनरल टर्पेंटाइन. ते पाणी उडून वाळत नाही. द्रावक उडून गेल्यावर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे साबणपाण्याने निघत नाही. टर्पेंटाइनने काढायला जावं तर त्वचेतलं तेलही जातं आणि आग होते. शिओताची त्वचा भाजली होती आणि रंग कित्येक आठवडे निघाला नव्हता. अंगावर रंग घ्यायचाच असेल तर पाण्यात विरघळणारा बॉडी पेंट घ्या, आणि तोही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून बघा. भिंतीचा डिस्टेंपर आणि ॲक्रिलिक दोन्ही नकोत. ॲक्रिलिकची वाळल्यावर साल होते आणि ती सोलताना लव उपटते.

तिची पुढची गुरू रेबेका हॉर्न हिचाही इतिहास असाच. साठच्या दशकात पॉलिएस्टर रेझिन आणि फायबरग्लासमध्ये मास्कशिवाय काम केल्याने तिची फुप्फुसं निकामी व्हायला आली होती, आरोग्यधामात पडून राहावं लागलं. तिच्या 'शरीराला जोडलेल्या' कापडी शिल्पांची सुरुवात त्या खाटेवरची. सामग्रीने दुखावलेलं शरीर हा गुरू-शिष्येतला खरा दुवा मला वाटतो.

नेपथ्यवाला

'उभं राहतं कसं' याचं उत्तर मी देतो.

पहिला गैरसमज असा की जाळं विणलेलं असतं. ते विणलेलं नसतं, ताणलेलं असतं. धागा एका बिंदूवर स्टेपल करायचा, समोर ओढायचा, पुन्हा स्टेपल. मुख्य धागे झाले की पुढचा धागा आधीच्या धाग्याला एक वेढा देऊन दिशा बदलतो. गाठ प्रत्येक ठिकाणी लागत नाही. प्रत्येक वेढ्यावर त्रिकोण तयार झाला पाहिजे. चौकोन हाताने ढकलला की समांतरभुज होतो, त्रिकोण हलत नाही. नवशिक्यांची जाळी दुसऱ्या दिवशी लोंबते ती बहुतेक चौकोनांमुळेच.

क्रम असा. वस्तू आधी जागेवर. मग प्रेक्षकांची वाट जमिनीवर टेपने आखायची. मग छत ते जमीन लांब धागे, मग तिरपे, मग भरणी. काम मागून पुढे यायचं, नाहीतर शिडी आत आणि तुम्ही बाहेर.

आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंतीत स्टेपलची पिन वाकते. पीओपीच्या छताला हातही लावू नका. आतून १२ मिमी प्लायवूडची खोली उभी करायची, १० मिमीची पिन, आणि रंग भिंतीचाच. आता एक हिशेब बघा: ८ × ४ फुटी एका प्लायवर ६०० धागे, प्रत्येकाचा ताण फक्त १५० ग्रॅम धरला तरी आतल्या बाजूला ९० किलोची ओढ. प्लायला मागून दर दीड फुटावर लाकडी पट्टी नसेल तर तो पोटातून आत येतो, आणि आला की सकाळी लावलेले सगळे धागे सैल पडतात. मग लोक लोकरीला दोष देतात.

शिओताच्या कामात ओढीचा सगळ्यात सुंदर वापर 'ओव्हर द काँटिनेंट्स'मध्ये आहे. २०१४मध्ये वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत ते लागलं होतं: जवळपास ४०० जुने बूट, प्रत्येकासोबत तो देणाऱ्याची चिठ्ठी, आणि सगळे लाल धागे भिंतीवरच्या एकाच ठिकाणी जाऊन मिळालेले. एकूण धागा चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. बुटामागे सरासरी १६ मीटर पडतो. प्रत्येक बुटाने १०० ग्रॅमने जरी ओढलं तरी त्या एका बिंदूवर ४० किलो. तिथे स्टेपल चालत नाही. आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी लागते.

सुतळी

+१. लोकर किती लागेल याचा अंदाज कागदावर करू नका. एक घनमीटरचा सांगाडा करा, हवी तेवढी दाट जाळी भरा, गुंड्याचं वजन आधी आणि नंतर घ्या, मग खोलीच्या घनफळाने गुणा. मध्यम दाट जाळीला घनमीटरमागे २०० ते २५० मीटर धरून चाला आणि वर १५ टक्के वाया जाणारी. एकाच रंगाची लोकर एकाच लॉटची घ्या. दोन लॉटमधला लाल हातात सारखा दिसतो, दिव्याखाली पट्टा उमटतो.

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. कला शिक्षक डिप्लोमाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी एका टेबलावर मावेल असं काही करता येईल का? खोली मिळणार नाही, पैसेही नाहीत.

सुतळी

येईल. शिओताची 'स्टेट ऑफ बीइंग' मालिका बघा. धातूच्या चौकटीची पेटी, आत एखादा झगा, पुस्तक, किल्ली किंवा खेळणं, आणि चोहोबाजूंनी धागा.

३० सेंमीचा घन घ्या. १२ कडा म्हणजे ३.६ मीटर सळी. ६ मिमीची चौकोनी लोखंडी सळी सांगा, वजन किलोभर भरेल. वेल्डिंग झाल्यावर कोपरे घासून घ्या, कारण टोकाला उरलेला वेल्डचा मणी धागा कापतो. काटकोन प्रत्येक बाजूचा कर्ण मोजून तपासा; तो ४२.४ सेंमी यायला हवा. काळा मॅट रंग, पूर्ण वाळू द्या.

आता सगळे चुकतात ती जागा. गुळगुळीत सळीवर धागा घसरतो आणि सगळा कोपऱ्याकडे जमा होतो. म्हणून पहिला थर जाळीचा घालायचाच नाही. प्रत्येक सळीला त्याच लोकरीचा वेढा द्यायचा, दोन-दोन मिमी सोडून, टोकाला गाठ आणि फेव्हिकॉलचा थेंब. पुढचे धागे या वेढ्यांत अडकतात आणि जागेवर राहतात.

वस्तू मधोमध टांगायला आठ कोपऱ्यांतून आठ नायलॉनच्या तारा. सर्व दिशांनी पकडून ठेवायला निदान सात ताण लागतातच. चारांवर टांगलेली वस्तू गरगरते. त्यानंतर वस्तूपासून कडेकडे लोकर भरत जा. पन्नासेक धागे झाले की नायलॉन कापून काढा, नाहीतर दिव्यात तो चमकतो आणि सगळा खेळ उघडा पडतो. लोकर लांब दाभणात ओवून घ्या, हात आत जात नाही. या आकाराला ३०० मीटरच्या आसपास लागते. गुंड्याच्या कागदावर मीटर बघा, ग्रॅम नको. इथे दाटी खोलीच्या मानाने कैक पटींनी जास्त असते, म्हणून वरचं घनमीटरचं माप लावू नका.

आणि वस्तू विकत आणू नका. कोरी किल्ली टांगली तर ते दुकानातलं शोकेस वाटेल.

अडाणी प्रेक्षक

हे सगळं आजारपणातून आलं असं बऱ्याच लेखांत वाचलं. कॅन्सर झाला म्हणून रक्तवाहिन्यांसारखे धागे वगैरे.

किरमिजी

तारखा बघा. धागा १९९४चा. 'ड्युरिंग स्लीप', म्हणजे काळ्या लोकरीत गुंडाळलेले पलंग आणि त्यांत झोपलेल्या स्त्रिया, २०००च्या सुमाराचं. बर्लिनमध्ये ती वरचेवर घरं बदलत होती, सकाळी उठून आपण कुठे आहोत ते कळायचं नाही, म्हणून पलंगाभोवती धागा ओढायला लागली. पाडल्या जाणाऱ्या पूर्व बर्लिनमधल्या इमारतींच्या जुन्या खिडक्या गोळा करणंही त्याच दशकातलं. आजाराचं पहिलं निदान २००५चं. त्याआधी तिची भाषा तयार झाली होती.

आजाराने बदल झाला तो वेगळा. २०१७मध्ये, टोकियोच्या मोरी कला संग्रहालयाकडून मोठ्या प्रदर्शनाची विचारणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी आजार उलटल्याचं कळलं. ते प्रदर्शन २०१९मध्ये झालं, 'द सोल ट्रेंबल्स', क्युरेटर मामी काताओका. साडेसहा लाखांहून जास्त लोक आले. त्यात 'आउट ऑफ माय बॉडी' आहे: छेद देऊन जाळीसारखं ओघळू दिलेलं चामडं आणि खाली तिच्याच हातापायांच्या ब्राँझमध्ये ओतलेल्या प्रतिकृती. धागा नाहीच. शरीर परत आलं, पण तुकड्यांत. मला तिच्या खोलीभर लाल कामांपेक्षा हे जास्त भिडतं. होड्या आता जरा सरावाच्या झाल्यात, असं माझं मत. बोंबला हवं तर.

रेघोटी

बोंबलते. २०१५ची होडी सरावाची नव्हती. व्हेनिसच्या ५६व्या द्वैवार्षिकात जपानच्या दालनात 'द की इन द हँड': दोन जुन्या होड्या आणि जगभरातून मागवलेल्या ५०,०००हून जास्त किल्ल्या. तिची जवळची माणसं गेली, त्यातून हे काम आलं; पण किल्लीच का? कारण माणूस घर, माल, जीव जपायला ती वापरतो, मुठीत धरतो आणि विश्वास असला तर दुसऱ्याच्या हातात देतो. आकारही माणसासारखा, वर डोकं आणि खाली धड. खालच्या मोकळ्या जागेत मुठीत किल्ल्या धरलेल्या मुलाचं मोठं छायाचित्र आणि जन्माच्या आठवणी सांगणाऱ्या मुलांचे व्हिडिओ. म्हणजे वर माणसांनी वापरलेल्या किल्ल्या आणि खाली नुकतेच आलेले. ही रचना त्या इमारतीमुळेच जमली. ताकामासा योशिझाकांनी १९५६मध्ये ते दालन खांबांवर उचलून बांधलंय.

नेपथ्यवाला

आणि वजन? किल्ली सरासरी १२ ग्रॅमची धरली तर ५०,०००चे ६०० किलो. होड्या जमिनीवर टेकलेल्या असतात, किल्ल्या मात्र छताकडून लोंबतात. एकेक किल्ली स्वतंत्र धाग्यावर म्हणून भार पसरतो. झुबके करून टांगल्या असत्या तर जाळीला खळगे पडले असते. जुन्या किल्ल्यांना तेल आणि गंज असतो, तो लोकरीत उतरून काळा डाग धरतो. आधी पुसून, सुकवून घ्याव्या लागतात. जास्त चकचकीत करायच्या मात्र नाहीत.

अवांतर: २०११मध्ये ब्रसेल्सला तोशियो होसोकावांचा 'मात्सुकाझे' ऑपेरा साशा वाल्ट्झने बसवला, त्याचं काळं जाळं शिओताचं. तिथे गायिका जाळ्यात लटकून गातात. दिसायला तीच रेघ, पण माणसाचा भार घेणारी. नेपथ्य करणाऱ्यांनी फोटो बघून लोकरीवर कुणाला चढवू नये.

रंगपेटी

आगीबद्दल कुणी लिहिलं नाही. बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही, ज्योत काढली की बहुधा विझते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि थेंब पडतात. तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा: केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे खरी लोकर, कडक काळा मणी म्हणजे ॲक्रिलिक. खोलीभर जाळं हे हवा खेळणारं इंधनच असतं.

सुती धागा घेतला तर लिटरभर गरम पाण्यात ७० ग्रॅम बोरॅक्स आणि ३० ग्रॅम बोरिक ॲसिड, त्यात भिजवून, पिळून, ताणून सुकवा. ॲक्रिलिकवर हे चालत नाही. पावसाळ्यात दमट हवेत असं भिजवलेल्या सुती धाग्यावर पांढरे कण फुटतात, काळ्या धाग्यावर लगेच दिसतात. आणि हॅलोजन जाळ्याच्या आत कधीच नको. एलईडी बाहेरून, खालच्या कोनात. लाल जाळ्यात पांढरी वस्तू गुलाबी पडते, ते गृहीत धरा.

पाटीपेन्सिल

आगीवरून आठवलं, तो जळका पियानो?

किरमिजी

'इन सायलेन्स'. ती नऊ वर्षांची असताना शेजारचं घर जळालं. दुसऱ्या दिवशी बाहेर पियानोचा सांगाडा उभा होता. जळून गेल्यावर तो तिला आणखी सुंदर वाटला. म्हणून तो पियानो, समोर रिकाम्या खुर्च्या आणि सगळ्यावर काळा धागा, धुरासारखा.

नेपथ्यवाला

पियानोच्या तारांचा एकत्रित ताण १८-२० टनांच्या घरात असतो. जाळण्याआधी त्या पूर्ण सैल कराव्या लागतात, नाहीतर खुंट्यांचं लाकूड जळताना तारा सुटतात. आपल्याकडे कुणी वाजवायची पेटी (हार्मोनियम) पेटवायच्या विचारात असेल तर भाता आणि सेल्युलॉइडच्या पट्ट्या आधी काढा, घटकेत भडकतात.

अडाणी प्रेक्षक

तिचं एक आभारपत्रांचं काम कोचीत झालं असं वाचलं. आपल्या केरळातल्या?

रेघोटी

नाही, जपानमधलं कोची. शिकोकू बेटावर, तिच्या आईवडिलांचा प्रांत. २०१३चं 'लेटर्स ऑफ थँक्स', लोकांकडून आलेली आभाराची पत्रं काळ्या धाग्यात. आजीच्या थडग्यावरचं गवत उपटताना आत आजी श्वास घेतेय असं वाटायचं, ही तिची लहानपणची आठवणही कोचीकडचीच.

सुतळी

@पाटीपेन्सिल, शेवटचं. उतरवायचा वेळ आत्ताच मागून ठेवा. शिओताच्या खोल्या प्रदर्शन संपलं की कापल्या जातात, धागा टाकला जातो, वस्तू परत जातात, पुढच्या ठिकाणी सगळं नव्याने. खोलीभर काम कापताना खालून सुरू करायचं, वरून कापलं तर भार एका बाजूला येऊन प्लाय ओढला जातो. स्टेपलच्या पिना मोजून काढा, अनवाणी शिपाई येतात. तुमची पेटी मात्र कापू नका. वरून पातळ मलमल टाकून ठेवा. लोकरीत बसलेली धूळ नंतर ब्रशने निघत नाही, उलट आत ढकलली जाते.